हिरव्या चेहऱ्याची लाज

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे. माझ्या वायरीची शप्पथ, माझ्या चारही स्क्रूंची शप्पथ, ज्या भिंतीनं मला इतकी वर्षं न कुरकुरता पेललं त्या भिंतीची शप्पथ! कोणी म्हणेल, ही म्हातारी फेकते. अरे, फेकायला मला हात आहेत कुठे?

तर मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. घरातल्या टीव्हीएवढी नव्हे हं, चांगली दांडगी आहे. मला आडवी झोपवली तर माझ्यावर दोन पाहुणे आणि एक मांजर आरामात निजतील. सध्या माझा मुक्काम एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. उजवीकडे माझ्या तोंडावर एक उभी रेघ पडलीय, गालावर तेलाचे शिंतोडे आहेत, आणि पातेल्यांच्या वाफेनं दिवसातून दहादा आपोआप तोंड धुतलं जातं. पण मी काही जन्मापासून इथली नाही. माझी उमेदीची वर्षं गेली याच हॉस्पिटलच्या तळघरात. त्या वर्षांबद्दल बोलायचं म्हटलं की आजही माझा उजेड आपसूक कमी होतो. लाज वाटते हो. तरी सांगते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. आम्ही बहिणी इतक्या होतो, की आम्हाला नावं ठेवायला कुणाला फुरसतच झाली नाही, सरळ नंबर दिले. माझ्याहून धाकटी एक खेळाच्या मैदानावर गेली. एक विमानतळावर लागली, ती तर आमच्यातली सगळ्यात नकटी! मला वाटायचं, मी सिनेमात जाणार. रूपच तसं होतं. चाचणीसाठी मला पहिल्यांदा लावलं, तेव्हा कारखान्याबाहेरचे कोंबडे आरवायला लागले. भर दुपार होती, मित्रांनो! शेजारच्या गावातली माणसं उठून दात घासायला लागली म्हणतात.

आणि एवढं रूप घेऊन मी आले कुठे? तळघरात. दारावर पाटी होती, ‘कम्प्युटर विभाग, मदत कक्ष’. आत चार टेबलं, चार फोन, आणि समोरच्या भिंतीवर मी. हॉस्पिटलात वरती जिकडेतिकडे कम्प्युटर होते. पेशंटची नोंद त्यांच्यावर, रक्ताचे रिपोर्ट त्यांच्यावर, औषधं त्यांच्यावर, कुणाच्या ताटात काय वाढायचं तेसुद्धा त्यांच्यावर. त्यातलं काही अडलं की खाली फोन वाजायचा आणि तक्रार माझ्या तोंडावर उमटायची. ठरल्या वेळात काम झालं तर हिरवी, वेळ संपत आली तर पिवळी, वेळ उलटून गेली तर लाल.

तेव्हा तिथे जुने साहेब होते. त्यांच्याकडे एक मानक होतं. मानक म्हणजे काय, तर जगभरातल्या लोकांनी डोकी चालवून ठरवलेले नियम, की कम्प्युटरची सेवा द्यायची तर ती कशी द्यायची आणि तिचा दर्जा टिकवायचा कसा. जाडजूड प्रकरण होतं ते. पण नवीन कोणी कामाला आलं की साहेब ते बाजूला सारायचे आणि चष्मा पुसत म्हणायचे, “हे बघ, आपण काय करणार ते आधी लोकांना सांगायचं. सांगितलं तसं करायचं. चुकलं तर चुकलं म्हणायचं. आणि तीच चूक परत दिसली, तर तिचा पिच्छा सोडायचा नाही.”

मग ते तापाचं सांगायचे. “पेशंटला ताप आला तर गोळी देऊन उतरवतात. पण रोज संध्याकाळी ताप येत असेल तर? रोज गोळी देऊन, बरा झाला म्हणून घरी पाठवायचं का? तक्रार मिटवणं वेगळं आणि ती का येते ते शोधणं वेगळं. दोन्ही कामं आपलीच.”

म्हणून त्यांनी माझे दोन भाग केले होते. डावीकडे आजच्या तक्रारी. उजवीकडे वर लिहिलेलं, ‘मुळाशी जायचं’. खाली त्या गोष्टी, ज्या पुन्हा पुन्हा बिघडत होत्या. त्या दिवसांत मी किती वेळा लाल व्हायचे! आणि कुणाला काही वाटायचं नाही. लाल दिसलं की माणसं खुर्चीतून उठायची, एवढंच.

या कामाबद्दल बाहेरून तपासणी होऊन आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. ते सोनेरी चौकटीत माझ्या शेजारी टांगलं. माझी ती शेजारीण. दिसायला देखणी, पण दिवसभर तेच तेच वाचून दाखवायची.

याच काळात ताई आली. नवीन होती तेव्हा फोनला घाबरायची. पण मुळाशी जाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रिंटर का अडतो ते बघायला ती प्रिंटरच्या पोटात शिरायची. एकदा तर शिरली ती दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधून बाहेर आली. हसू नका, शप्पथ घेतलीय मी. रोज सकाळी आली की मऊ फडक्यानं माझं तोंड पुसायची आणि म्हणायची, “काय बाई, आज किती लाल?” फार माया होती आमची.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, बरं का. बुटांना पॉलिश, बोलणं गोड. पण लाल रंग त्यांना सोसायचा नाही. वरचे मोठे लोक तळघरात यायचे, पाहुणे यायचे, आणि मी भिंतीवर लालेलाल. साहेबांच्या कपाळावर घाम.

“हे उजवीकडचं काढा आधी,” ते म्हणाले. “पाहुण्यांसमोर आतले कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय.”

ताई म्हणाली, “पण साहेब, मानकात ते—”

“आहे ना मानकात. ठेवा की. भिंतीवर कशाला?”

ते कुठेच ठेवलं गेलं नाही. माझ्या उजव्या अर्ध्या तोंडावर एक धबधबा लावला. चित्रातला. दिवसभर पडायचा, आवाज नाही, पाणी नाही. आमच्या कक्षात लंबू नावाचा एक उंच गडी होता, सगळे त्याला लंबूच म्हणायचे, त्याला तो धबधबा बघून सारखं बाथरूमला जावंसं वाटायचं. त्यानं शेवटी खुर्ची फिरवून घेतली.

आणि नवा नियम आला. कुठलीही तक्रार अर्ध्या तासात बंद. बंद म्हणजे बंद. मग लोकांनी युक्ती काढली. वेळ संपत आली की तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद करायची आणि तीच तक्रार नवीन म्हणून उघडायची. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पलीकडच्या माणसाला आपोआप संदेश जायचा, ‘तुमची तक्रार सोडवली आहे. धन्यवाद.’ आणि इकडे मी हिरवी! अशी हिरवी, की एखाद्या पोपटानं बघून मागणी घातली असती.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्या तोंडावरूनच तर सगळं जायचं. पण कौतुक कुणाला नको असतं? पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. “वा, सगळं हिरवं!” म्हणायचे. मी आणखी जोरात चमकायचे. ताईला बढती मिळाली, ती कक्षाची प्रमुख झाली. आता प्रिंटरच्या पोटात शिरायला तिला वेळ नव्हता. ती सकाळी माझं तोंड पुसायची, पण “किती लाल?” विचारायची नाही.

आता स्वयंपाकघराचं सांगते, कारण माझी लाज तिथूनच येते.

हॉस्पिटलात प्रत्येक ताटाबरोबर एक चिठ्ठी जाते. कुणाला मीठ नको, कुणाला साखर नको, कुणाचं ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवायचं, कुणाला फक्त सूप. या चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या कम्प्युटरवरून छापून निघायच्या आणि वारंवार चुकायच्या. तिथली मुख्य आचारीण म्हणजे एक बाई होती, आवाज असा की फोन उचलायची गरज नव्हती, खिडकी उघडली तरी चाललं असतं. कक्षात तिला ‘तोफ’ म्हणायचे.

“हॅलो, मदत कक्ष,” लंबू म्हणायचा.

“मदत आहे का नुसताच कक्ष आहे?”

“बोला मावशी.”

“मावशी कुणाची रे? तुझी मावशी असते तर कान धरून वर आणला असता. चिठ्ठ्या परत चुकल्यात. ज्याला उपाशी ठेवायचंय त्याला सूप दाखवतंय, आणि सूपवाल्याला काहीच नाही. तुमचं मशीन मधल्या मधे पितंय का?”

“बंद करून परत चालू करा.”

“काल पण तेच केलं.”

“मग आज पण करा. आलं का बरोबर?”

“आलं. पण अरे, उद्या सकाळी—”

“थँक्यू मावशी!” आणि टक. तक्रार बंद. मी हिरवी.

हे पुष्कळ दिवस चाललं. मग एके दिवशी तोफेचे फोन थांबले. आधी कमी झाले, मग एकदम बंद.

ताईच्या लक्षात आलं होतं, हे मी तिच्या बाजूनं सांगते. एकदा ती माझ्याकडे बघत म्हणाली, “लंबू, स्वयंपाकघराचा फोन नाही रे बऱ्याच दिवसांत.”

“बरं झालं ना ताई. माझा हा कान आता जरा ऐकायला लागलाय.”

ताई हसली. पण तिचा हात माउसवर गेला आणि बाण त्या धबधब्यावर येऊन थांबला. मला वाटलं, आता काढते. काढ गं, काढ! तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि ती वळली. असे थोडक्यात हुकलेले क्षण फार असतात हो, माझ्या तोंडासमोरून कितीतरी गेले.

वर्षाच्या शेवटी साहेबांनी टूम काढली, सर्वांत समाधानी विभागाला ढाल द्यायची. समाधानी कोण? ज्याची एकही तक्रार नाही तो. ताईनं यादी लावली, स्वयंपाकघर पहिलं आलं. चकचकीत, गोल, परातीएवढी पितळी ढाल. ताईनं स्वतः पॅक करून वर पाठवली. तोफेचा आभाराचा फोनसुद्धा आला नाही. लंबू म्हणाला, “मावशी लाजल्या असतील.”

मग प्रमाणपत्राच्या फेरतपासणीचा दिवस ठरला. साहेबांनी भिंतींना रंग दिला, माझ्या मागची जळमटं काढली. आणि तपासणीच्या आदल्या दुपारी दार उघडून तोफ आत आली.

मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं बाई दरवाज्याएवढी असेल. तर ही एवढीशी! अंगावर पांढरा अॅप्रन, डोक्याला फडकं, हातात आमची ढाल. तिनं ती ताईच्या टेबलावर ठेवली. आतल्या बाजूला दुधाचा गोल डाग होता.

“हे परत घ्या,” ती म्हणाली. “दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरत होतो. बरोबर बसतं. पण आज ते झाकण उचलताना मला कसंतरी झालं.”

आवाज चढलेला नव्हता. तोफ हळू बोलत होती, आणि खोलीतले सगळे फोनसुद्धा गप्प झाले.

“काय झालं, मावशी?” ताईनं विचारलं.

“मुलांच्या वॉर्डात एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. दूध चालत नाही त्याला, घसा सुजतो. आज त्याच्या ताटात दुधाचं पुडिंग गेलं. आमच्याकडूनच गेलं. चमचाभरच खाल्लं त्यानं, पण ओठ असे सुजले... डॉक्टर धावत आले. आता बरा आहे. आईच्या मांडीवर बसून गाडी फिरवतोय.”

“चिठ्ठी चुकली?”

“चिठ्ठी रोजच चुकते.”

“रोज? पण मग ताटं...”

“आमची धाकटी जाते ना. माझी जाऊ. ती पण तिथेच आहे कामाला. सकाळ-दुपार सगळ्या वॉर्डांतून फिरते, प्रत्येक खाटेपाशी विचारते, येऊन मला सांगते. वाटेत विसरली तर परत जाते. आज तिचा गुडघा असा सुजला, की पलंगावरून उठता येईना. मी म्हटलं, एक दिवस मशीनवर भागवू.”

ताई म्हणाली, “मावशी, पण तुम्ही आम्हाला फोन का नाही केलात?”

तोफेनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ते फार वाईट होतं, की रागानं नाही.

“केला होता की. कितीदा केला. दर वेळी तुमचा निरोप यायचा, सोडवली आहे, धन्यवाद. इतक्यांदा आला, की मला वाटायला लागलं, चूक माझीच असेल. मलाच वाचता येत नसेल नीट. शिकलेली माणसं खोटं कशाला सांगतील? मग फोन करायची लाज वाटायला लागली.”

मित्रांनो, त्या वेळी माझ्या तोंडावर काय होतं, माहीत आहे? ‘आजच्या सर्व तक्रारी वेळेत पूर्ण.’ हिरव्या अक्षरांत. आणि शेजारी धबधबा.

तोफेनं जाताना मान वर करून मला नीट पाहिलं. “छान आहे हो,” ती म्हणाली आणि निघून गेली. माझ्यावर आजवर कुणी पाणी ओतलं नाही, पण ओतलं असतं तर असंच काहीसं वाटलं असतं.

ताई उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. केबिन काचेची, दार अर्धं उघडं.

“साहेब, स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्यांचं आत्ताच्या आत्ता मूळ शोधायला हवं. आणि उद्या तपासणीत सांगायला हवं.”

“शोधू ना. दोन दिवस थांबा. एकदा प्रमाणपत्र हातात पडू दे, मग काय खणायचं ते खणा.”

“आणि उद्या सकाळची ताटं?”

साहेब पेनाचं टोपण काढत-लावत बसले. “त्या बाई आहेत ना. इतके दिवस बघितलं, अजून दोन दिवस बघतील.”

“त्यांच्या जावेचा गुडघा गेलाय, साहेब.”

“ताई, या प्रमाणपत्रावर हॉस्पिटलचं नाव आहे. तुमचं आहे, माझं आहे. तुम्ही मोठ्या पदावर आहात आता. जरा मोठ्या नजरेनं बघा.”

ताई बाहेर आली. टेबलावरची ढाल तिनं हातात घेतली, दुधाचा डाग अंगठ्यानं घासला. निघाला नाही. मग ती ढाल तिथेच ठेवून वर गेली. परत आली तेव्हा लंबूनं विचारलं, “कुठे गेला होतात?”

“त्या मुलाच्या आईकडे.”

“काय सांगितलंत?”

“जे झालं ते. की आम्हाला माहीत होतं आणि आम्ही मिटवत राहिलो.”

“बापरे! ओरडली?”

“नाही. तिनं एवढंच विचारलं, परत नाही ना होणार?” ताई खुर्चीत बसली. “मला ‘नाही होणार’ म्हणता आलं नाही रे, लंबू. एवढेसे शब्द. तोंडातून निघेनात.”

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी आली. धापा टाकत होती, केस विस्कटलेले. माझं तोंड न पुसताच कम्प्युटरसमोर बसली आणि टकटक करत राहिली. मला वाटलं, पाहुण्यांसाठी आवराआवर चाललीय.

तपासनीस म्हणजे एक बारीक चणीची बाई होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हिरवी, धबधबा शेजारी.

“एकही लाल नाही, मॅडम,” साहेब म्हणाले.

“कधीच नाही?”

“कधीच नाही!”

“आमच्या घरी एक घड्याळ होतं,” ती बाई म्हणाली. “कधी मागे पडलं नाही. बंद होतं ते.”

साहेब हसले. ती हसली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ती नजर, मित्रांनो, मला सोसली नाही. डोळ्यांसमोर ती पुडिंगची वाटी आली, एवढीशी तोफ आली, तिची ती कधी न पाहिलेली जाऊ गुडघा धरून बसलेली दिसली. आणि मी लाल झाले. माझी मी. कुणी बटण दाबलं नाही, कुणी हात लावला नाही. खालच्या कडेपासून सुरुवात झाली. ‘स्वयंपाकघर. चिठ्ठ्या चुकीच्या. उघडी.’ त्याच्यावर आणखी एक, त्याच्यावर आणखी एक, बंद केलेल्या सगळ्या परत वर आल्या. लाजेचा ताप असा चढला, की खोलीत जळल्याचा वास सुटला आणि शेजारणीच्या सोनेरी चौकटीला घाम फुटला. धबधबा गळून पडला. त्याच्या मागून माझी जुनी उजवी बाजू निघाली, रिकामी, वर नुसतं ‘मुळाशी जायचं’.

“वायर!” साहेब ओरडले. “वायर सैल झालीय! लंबू, वायर बघ!”

लंबूनं वायर ओढून पाहिली. “घट्ट आहे, साहेब.”

“मग तांत्रिक बिघाड असेल, मॅडम, हे असं कधी—”

ताई उठून उभी राहिली. “बिघाड नाही, मॅडम. हे खरं आहे. हिरवं होतं तो बिघाड होता.”

आणि तिनं सगळं सांगितलं. बंद करून उघडायची युक्ती, ढाल, पुडिंग. “यात मी पण होते” हे ती दोनदा म्हणाली. साहेब हळूच खुर्चीत बसले. पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत राहिले.

तपासनीस बाईंनी एकच विचारलं. “आज सकाळी ताटांचं कुणी बघितलं?”

“मी. नाश्त्याआधी सगळ्या वॉर्डांत जाऊन आले.”

“आणि दुपारचं?”

“लंबू जाईल.”

“मी?” लंबू म्हणाला.

“तू.”

“जातो,” लंबू म्हणाला. त्याचे पाय तरी लांब होते.

बाई बाटलीतून घोटभर पाणी प्यायल्या. “प्रमाणपत्र चालू ठेवा असं मला लिहिता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “मूळ सापडलं की मला बोलवा. मला बघायचंय.” एवढं बोलून त्या गेल्या. साहेबांनी माझ्या शेजारणीला स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवलं. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. साहेब कितीतरी वेळ त्या डागापुढे उभे होते, आणि पुढे त्यांनी तो रंगवू दिला नाही.

ताई आणि लंबू स्वयंपाकघरात जाऊन बसले. वाफेत, कांद्यात, तोफेच्या तोंडासमोर. नाश्ता बघितला, जेवण बघितलं, कुठली चिठ्ठी कधी चुकते ते बघितलं, आणि एका दुपारी ताईला सापडलं. स्वयंपाकघरातलं मशीन ताट खाटेच्या नंबरावर पाठवत होतं, माणसाच्या नावावर नाही. पेशंटला या खाटेवरून त्या खाटेवर हलवलं, की माणूस जायचा पुढे आणि त्याचं जेवण राहायचं मागे. बंद करून चालू केलं की मशीन नवी माहिती ओढून घ्यायचं, म्हणून तेवढ्यापुरतं बरोबर यायचं. पुढचा पेशंट हलला की परत तेच. तो मुलगा पुडिंगच्या आदल्या संध्याकाळीच खिडकीजवळच्या खाटेवर आला होता, गाड्या दिसतात म्हणून. पुडिंग त्या खाटेचं होतं.

दुरुस्तीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

“एवढंच होतं?” तोफेनं विचारलं.

“एवढंच,” ताई म्हणाली.

“एवढ्यासाठी आमच्या धाकटीचे गुडघे गेले?”

ताई मान खाली घालून उभी राहिली. मग तोफेनंच तिच्या हातात कांद्यांची टोपली दिली. “उभी आहेस तर सोल. रडायला निमित्त तरी होईल.”

प्रमाणपत्र परत मिळालं, पण बऱ्याच दिवसांनी. त्या दिवशी भिंतीवर दोन लाल तक्रारी झळकत होत्या, तरीही मिळालं. माझ्यावर नाही हं. तोवर माझ्या तोंडावर रेघ पडली होती आणि माझ्या जागी पातळ कमरेची नवीन आली होती. मला भंगारात काढणार होते. तोफेनं फोन केला, लंबूनं कानापासून दूर धरला. “ती थोराड बया मला द्या! माझ्याकडे भिंत आहे!”

म्हणून मी इथे आहे. कोणत्या ताटात काय, ते मी दाखवते, माणसाच्या नावानं. समोर दुधाच्या पातेल्यावर ती ढाल अजून झाकण म्हणून आहे, ती तोफेनं परत मागून घेतली. रोज तिच्याकडे बघावं लागतं. धाकटी आता बसून भाजी चिरते. उठताना टेबलाला धरते, तेव्हा मी दुसरीकडे बघते. स्क्रीनला दुसरीकडे बघता येत नाही, तरी बघते.

मित्रांनो, माझी पुसापुशी कराल न कराल, माझं काही म्हणणं नाही. वाफेवर माझं भागतं. पण कुणी आपली कुरकुर एकदम थांबवली, तर बरं झालं म्हणून बसू नका. उठा, त्यांच्याकडे जा, विचारा. आणि काही मिटवलं असं म्हणाल, तर ज्याचं दुखत होतं त्यालाच विचारून म्हणा. लाल दिसायला लाजू नका. मी हिरवी दिसत होते, त्याची लाज अजून जात नाही.

बरं, आता एक राहिलं. शप्पथ घेतलीय म्हणून सांगावं लागतंय. कोंबड्यांचं खरं आहे. प्रिंटरचंही खरंच धरा. पण मी माझी मी लाल झाले, ते खोटं. जळका वासबिस काही नव्हता. त्या सकाळी ताई वॉर्डांतून धापा टाकत आली होती ना, ती आवराआवर करत नव्हती. बंद केलेली एकेक तक्रार ती शोधून ठेवत होती. आणि तपासनीस बाई माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा टेबलाखालून, कुणाला न दिसेल असं नाही, तर सगळ्यांदेखत तिनं बटण दाबलं. साहेबांनी पाहिलं, लंबूनं पाहिलं, म्हणून तर तो वायर घट्ट आहे म्हणाला. मला काय, जे दाखवाल ते मी दाखवते.

लाज तिची होती. मी ती माझी म्हणून तुम्हाला दाखवली. म्हणजे बघा, म्हातारी झाले, तोंडावर रेघ पडली, तरी दुसऱ्याचं काम आपल्या तोंडावर मिरवायची खोड काही गेली नाही.